माझ्या गाडीचे मागचे शॉकप

माझ्या गाडीला नावं ठेवणाऱ्यांत माझा साडू सगळ्यात पुढे होता. त्याची स्वतःची पनवेल-पेण रस्त्यावर टॅक्सी होती. काळी, लांबलचक, आणि इतकी मऊ चालणारी की उतारूंना पेणला हलवून जागं करावं लागे. माझी होती लष्कराच्या डिस्पोजलमधून घेतलेली पिकअप. लढाई संपल्यावर सरकारने जो माल फुंकून टाकला, त्यातली. साडू तिला नाकतोडा म्हणायचा. मागचा भाग वर, तोंड खाली, आणि बसल्या जागेवरून उडणार. त्याने हे नाव टॅक्सी स्टँडवर सोडलं आणि आठवड्याभरात ते भाजी बाजारात पोचलं. लोक मला विचारायचे, "नाकतोडा उद्या रिकामा हाय का?" मी भाडं घ्यायचो, पण दर वाढवून घ्यायचो.

ती तशी का झाली, हे कोणी कधी विचारलं नाही, नुसते हसले. म्हणून सांगतो.

मी मिठाच्या गोणी वाहायचो, आणि मिठागरातून मीठ काढायचं तर बांधावरून गाडी घालावी लागते. भरतीला बांधावर पाणी येतं आणि ओहोटीला चिखल राहतो. माझ्या गाडीचं मागचं पोट त्या चिखलात टेकायचं. मग गोणी उतरवा, गाडी ढकला, गोणी पुन्हा चढवा. मी लहानपणापासून पनवेलच्या बंदरावर डोक्यावरून गोणी वाहिल्या होत्या. गाडी घेतल्यावरही त्या डोक्यावरच घ्यायच्या, तर गाडी घेतली कशाला? म्हणून मी ती उचलून घ्यायचं ठरवलं. पनवेलला बैलगाड्या बांधणारे सुतार नावाजलेले. त्यांतल्या एकाकडून बाभळीचे जाड ठोकळे करून घेतले, ते मागच्या पाट्यांखाली बसवले आणि वर जास्तीचे पाटे चढवले. पाटे म्हणजे गाडीचा भार तोलणाऱ्या त्या वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या. मागचं काम झाल्यावर सुतार म्हणाला, आता पुढचे ठोकळे, आणि त्याचे वेगळे पैसे सांगू लागला.

"एक गाडी, एक भाव," मी म्हटलं.

"चाकं चार हायत, शेट."

"बैलगाडीला दोनच असतात. मग तेव्हा काय अर्धा भाव घेतोस?"

तो लाकूड तासायचा वाकस उचलून जो गेला तो आलाच नाही. दुसरा सुतार बोलावला असता, पण तोपर्यंत माझ्या लक्षात आलं की चिखलात मागचंच टेकतं, पुढचं नाही. मग पुढे खर्च का करायचा? केबिनमध्ये बसलेला माणूस घसरून पुढे जातो एवढंच. मी पाय रोवून बसायची सवय करून घेतली.

गाडी उचलल्यावर मागचे शॉकप पुरेनात. शॉकप म्हणजे तेल भरलेलं नळकांडं. त्याचं एक टोक खाली चाकाच्या दांड्याला आणि दुसरं वर गाडीच्या सांगाड्याला अडकवलेलं असतं. गाडी उडाली की ते तिला धरून ठेवतं. आता दांडा आणि सांगाडा यांच्यात इतकं अंतर झालं होतं की नळकांडं तिथपर्यंत पोचेना. मी ते दोन्ही काढले आणि बंदर रस्त्यावरच्या भंगारवाल्या चाचांना विकले. विकताना बरीच तारीफ केली, कारण भंगाराचा भाव मला मान्य नव्हता. त्यानंतर गाडी मागून शॉकपशिवायच चालली. मीठ तक्रार करत नाही.

तक्रार सुरू झाली ती बायकोला सातवा महिना लागल्यावर.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे पेणला. एके दिवशी साडू ओट्यावर येऊन बसला, पान लावलं आणि म्हणाला, "साडूभाऊ, सासूबाईंचा निरोप हाय. धाकटीला माझ्या टॅक्सीतून घेऊन ये, असं सांगितलंय."

"का? नवरा मी हाय का तुमी?"

"नवरा तुमीच. पण गाडी माझी बरी, असं त्या म्हणल्या. मी काय नाय बोललो."

"तुमी नाय बोललात असं तुमी म्हणता, म्हंजे बोललात."

"एवढंच बोललो, की पोरगी नाकतोड्यावरून आली, तर पनवेलला एकटी चढंल आणि पेणला दोघं उतरतील."

मी त्याचं पान त्याच्या हातातून काढून घेणार होतो, तेवढ्यात बायको आतून म्हणाली, "दाजींचीच गाडी येऊ दे. सुईण बोलली, हादरे नकोत. मी नाय त्या नाकतोड्यावर बसायची."

"तूपण नाकतोडाच म्हणतेस?"

"मग काय, गरुड म्हणू?"

साडू हसला, आणि शनिवारी येतो म्हणून सांगून गेला.

ही गोष्ट मला इतकी का लागली, ते घरच्या माणसांनाही कळलं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मी बंदरावरचा हमाल होतो. सासूबाईंनी मुलगी दिली, पण देताना तोंड असं केलं होतं, जसं काही मी तिला गोणीत घालून नेणार होतो. त्या वेळी मी मनाशी म्हटलं होतं, पहिल्या बाळंतपणाला हिला माहेरच्या दारात आणून उतरवीन ती माझ्या गाडीतून. तेव्हा गाडी नव्हती. आता होती. आणि आता तिला साडू नेणार, तेही माझा एक पैसा न घेता, फुकट! फुकट म्हणजे जन्मभर ऐकणं आलं. पण सुईणीचं बोलणंही खोटं नव्हतं. पोटातलं पोर माझंच होतं, आणि नाकतोड्याचे हादरे मला माहीत होते.

संध्याकाळी मी बायकोला म्हटलं, "मागचे शॉकप बसवले की गाडी पाण्यासारखी चालंल."

"पाण्यासारखी?" ती उठली आणि पितळी तांब्या काठोकाठ भरून घेऊन आली. "मग माझ्या जागी आधी याला बसवा. पेणला जायला जेवढा वेळ लागतो तेवढा फिरवून आणा. पाणी नाय सांडलं, तर मी बसंन."

"काठोकाठ भरलेला तांब्या जागेवरसुद्धा सांडतो. चार बोटं कमी कर."

"एक बोट."

"तीन."

"दोन. त्याच्या खाली बोललात तर दाजींना आत्ता निरोप धाडते."

दोन बोटांवर ठरलं. मला खरं तर अडीच हवी होती.

घासाघीस संपली होती, म्हणून तेव्हाच एकदा पाहून घेतलं. तांब्या शेजारच्या सीटवर ठेवला, बुडाखाली चुंबळ दिली, आणि गाडी सुरू केली. गल्ली संपायच्या आत सगळं माझ्या मांडीवर आलं. पाणी आधी आलं, तांब्या त्याच्या मागून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी चाचांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली निम्मी लढाई पडलेली. चाचा एका जुन्या टायरवर बसून चहा पीत होते. वयाने मोठे, मेंदी लावलेली दाढी, आणि घाई कशाचीच नाही.

"चाचा, माझ्या गाडीचे मागचे शॉकप पाहिजेत."

चाचांनी कप खाली ठेवला. "तुमच्या गाडीचे मागचे?"

"हां."

"नक्की मागचेच ना, शेट?"

"किती वेळा सांगू? मागचे!"

ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मला वाटलं, भाव किती सांगावा याचा अंदाज घेतायत. मग आत गेले आणि एक जोडी घेऊन आले. पुसलेली, तेल लावलेली, काळ्या रंगाने चकचकीत केलेली. माल बरा दिसत होता, म्हणून मी लगेच तोंड वाकडं केलं.

"हे कुठल्या गाढवाने वापरलेत?"

"असं नका बोलू, शेट. मालक चांगला माणूस हाय."

"चांगला असेल, पण अक्कल नाय. दांडी बघा कशी घासलीय. गाडी चालवत होता का नांगर? असल्या माणसाच्या हातचा माल मी फुकटसुद्धा घेऊ नये."

"मग नका घेऊ."

"घेतो. पण निम्म्याने."

चाचा लगेच हो म्हणाले. तिथेच मला कळायला हवं होतं. चाचा लगेच हो म्हणणारे नव्हेत.

घरी येऊन गाडीखाली शिरलो. वरचं टोक अडकवलं, खालचं वीतभर अधांतरी राहिलं. दुसऱ्याचंही तसंच. उताणा पडून मी त्या नळकांड्याकडे बघत होतो, तर बुडाजवळ एक पोचा दिसला. तो पोचा बांधावरच्या एका दगडाचा होता. तो दगड मी ओळखत होतो. मी गाडीखालून बाहेर आलो आणि शिव्या देतच गाडी घेऊन चाचांच्या दुकानात पोचलो.

"चाचा! माझाच माल मलाच विकलात?"

"तुमीच मागितलात. 'माझ्या गाडीचे मागचे.' मी दोनदा विचारलं. मागचे, म्हंजे मागच्या खेपेला तुमी इथे टाकून गेलात ते. तुमीच बोलला होतात, चाचा, असा माल पनवेलमध्ये मिळणार नाय, तोडू नका, कोणीतरी शहाणा माणूस येईल घ्यायला. मी ठेवले. तुमी आलात."

"मागचे म्हंजे मागच्या चाकांचे!"

"मग चाकं बोलायची, शेट. चाकाचं तर नावच नाय काढलंत."

"आणि मी मालकाला गाढव म्हणत होतो, तेव्हा गप्प बसलात?"

"गप्प कुठे? मी बोललो, मालक चांगला माणूस हाय. तुमी ऐकायला तयार नव्हतात."

त्यावर मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या वखारीतले लोक बाहेर येऊन उभे राहिले. शेवटी चाचांनी ती जोडी परत घेतली, पण भंगाराच्या भावाने, आणि वर म्हणाले, रंगाचे पैसे सोडले. तेव्हापासून आमच्या भागात कोणी मागचं काही मागितलं की दुकानदार विचारतो, मागचं म्हणजे कुठलं? ही खोड माझ्यामुळे लागली असं लोक म्हणतात. चूक कोणाची होती, ते मी वर लिहिलं आहे.

आता चाचांनी माझ्या गाडीखाली स्वतः वाकून बघितलं, दोरीने अंतर मापलं आणि सांगितलं की वीतभर जास्त लांबीचे लागतील. त्यांच्याकडे अशा दोनच जोड्या होत्या. एक मोडलेल्या बसची. दुसरी लष्कराच्या ॲम्ब्युलन्सची.

बसची जाड होती. मनगटाएवढी दांडी, हाताने दाबली तर हलेना. जाड वस्तू पातळ वस्तूपेक्षा केव्हाही चांगली, अशी माझी समजूत होती. चाचा म्हणाले, "शेट, ही चाळीस माणसांना धरणारी हाय. तुमच्या गाडीत एक तांब्या." तांब्याची गोष्ट तोपर्यंत तिथपर्यंत गेली होती. मी म्हटलं, मला शिकवू नका, परत घ्यायच्या बोलीवर बसवा. बसवली. तांब्याला घेऊन तळ्याच्या कडेने निघालो. गाडीचं लाकूड झालं होतं. रस्त्यावर पडलेली बिडी चाकाखाली आली तरी कण्यात कळत होतं. पाणी या वेळी मांडीवर आलं नाही, सरळ वर गेलं, आणि मी वर बघत असताना खाली आलं.

तळ्याजवळ साडूची टॅक्सी उभी होती. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय साडूभाऊ, माझ्या मेव्हणीला घरात ठेवून तांब्याला फिरवताय? तोंड धुतलंत का त्याच्यानेच?"

मी गाडी तशीच पुढे काढली. अंगावर पाणी असताना माणसाच्या बोलण्याला वजन राहत नाही.

राहिली ॲम्ब्युलन्सची जोडी. ही बारीक होती, पण दाबली की सावकाश आत जायची आणि सावकाश बाहेर यायची. बघताक्षणी मला आवडली. म्हणून मी ती लांब धरली आणि म्हटलं, "चाचा, ही कोण घेणार? जखमी माणसं न्यायची गाडी. किती जण वाटेतच गेले असतील! हे नळकांडं दाबलं की आतून कण्हल्यासारखं होतंय, ऐका."

"ते तेल हाय, शेट."

"तेल असं कण्हतं? बायाबापड्यांच्या घरात असली वस्तू कोण नेईल? उद्या गाडी विकायला काढली आणि कोणाला कळलं, तर?"

हे मी बराच वेळ चालू ठेवलं. एका शिपायाचं मरण तर मी इतकं रंगवून सांगितलं की वखारीतल्या एकाने टोपी काढली. शेवटी चाचांनी हात जोडले आणि जो भाव दिला, तो ऐकून माझे कान तृप्त झाले. जबान झाली. माल उद्या घेऊन जायचा.

आता चूक केली ती ही, की घरी येऊन जेवताना सगळं सांगितलं. सौदा जमला की मला तो कोणाला तरी सांगावा लागतो. बायकोने माझ्या ताटात टाकायची भाकरी हातातच ठेवली.

"मेलेल्या माणसांच्या गाडीचे?"

"अगं, ते भाव पाडायला बोललो."

"म्हंजे कोणी मेलं नाय?"

"ते मला काय ठाऊक?"

"ठाऊक नाय, आणि पोटुशी बाईला त्याच्यावर बसवताय? दाजी शनिवारी येतायत. मी त्यांच्या संगती जाते. तुमचे शिपाई तुमाला ठेवा."

"चाचांना विचारून येतो."

"तुमी नाय. मी येते. तुमी विचाराल तर भाव ऐकून याल."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर हळूहळू चालत चाचांच्या दुकानात आली. चाचांनी टायर पुसून तिला बसायला दिला. एवढी अदब त्यांनी मला कधी दाखवली नव्हती.

"चाचा, खरं सांगा," ती म्हणाली. "या गाडीत कोणी मेलं होतं का?"

"अल्लाची कसम, बेटी. ही ॲम्ब्युलन्स डिपोत आली तशी उभी होती. तिचं इंजिन कधी सुरूच झालं नाय. चाकाला माती लागली नव्हती. जी गाडी जागची हललीच नाय, तिच्यात मरंल कोण?"

"म्हंजे हे कोरे हायत?"

"कोरे करकरीत."

बायकोचा चेहरा उजळला. चाचांनी तो उजळू दिला, मग माझ्याकडे वळले. "शेट, काल जो भाव झाला, तो जुन्याचा."

"चाचा! जबान दिली होती तुमी!"

"दिली होती. मेलेल्यांच्या शॉकपवर दिली होती. हे तर जिवंत निघाले."

"असं कसं? लढाईतला माल हाय. एखादा तरी गेलाच असेल!"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी आवाज खाली आणला. "निदान कोणी जखमी?"

"खरचटलेला बी नाय," चाचा म्हणाले.

"ताप आलेला?"

"चला घरी," बायको उठत म्हणाली. "दाजींना सांगते."

असा कोंडमारा माझा आयुष्यात झाला नाही. माल जुना म्हणावा तर बायको जाते, नवा म्हणावा तर पैसा जातो. आणि चाचा दाढीवरून हात फिरवत बसले होते. मी कोऱ्याचा भाव दिला. वाटेत बायको म्हणाली, चाचा किती भले हायत. चाचा आज हयात असते तर त्यांना मी विचारलं असतं, की इंजिन सुरूच न झालेली गाडी लष्कराने घेतली कशाला? हा प्रश्न मला दुकानात सुचला नाही, वर्षभराने सुचला. तोपर्यंत फार उशीर झाला होता.

शॉकप बसले आणि बरोब्बर बसले. पूर्वी एक खड्डा लागला की गाडी पुढच्या देवळापर्यंत डुलत जायची. आता एकदाच उडायची आणि गप्प व्हायची. पण त्या एका उडीत तांब्या निम्मा होत होता. मी चाचांकडे गेलो आणि ओरडलो.

"शॉकप पहिली उडी थांबवत नाय, शेट," चाचा म्हणाले. "तो दुसरी उडू देत नाय."

"तांब्याला दुसरीची गरजच लागत नाय! पहिलीतच तो मोकळा होतो!"

"मग तो दोष शॉकपचा नाय. वरती जे पाटे चढवलेत त्यांचा. ते काढा."

पाटे काढायला तोच सुतार बोलवावा लागणार होता. मी घरी गेलो.

शुक्रवार आला. उद्या साडू. त्या दिवशी मिठागरावर मी विकत घेतलेल्या मिठाची खेप होती, ती टाळता येत नव्हती. तांब्या आदल्या दिवसापासून सीटवरच होता. जाताना तो हेलकावे खात गेला आणि पोचेपर्यंत कोरडा झाला. मला इतका राग आला की मिठागरावरच्या पिंपातून मी तो पुन्हा भरला, दोन बोटं सोडून, नुसत्या हट्टाने. गोणी चढवल्या, बांधावरून निघालो, आणि साडूला उद्या काय काय बोलायचं याचा विचार करत करत, पेणला जायला लागेल तेवढ्या वेळाने घरापर्यंत आलो. गाडी बंद केली. सहज बाजूला बघितलं. तांब्यात पाणी होतं.

मी बायकोला हाक मारली. ती आली, तांब्यात बोटं घातली. "दोन बोटं," ती म्हणाली. मग माझ्याकडे संशयाने बघितलं. "आत्ता भरलात?"

"चव घे. मिठागरावरच्या पिंपातलं हाय."

तिने घेतली आणि थुंकली. मग पटलं.

माझ्या तेव्हा ध्यानात आलं. ते जास्तीचे पाटे मिठाच्या भारासाठीच घातलेले. रिकामी गाडी त्यांच्या खिजगणतीतच नव्हती. वर गोणी असल्या की ते वाकतात, मागचा भाग खाली येतो, सीट सपाट होते, आणि मग तो पैसे खाऊन बसलेला शॉकप आपलं काम करतो. म्हणजे बायकोला न्यायचं तर मिठासकट न्यायचं.

"मीठ घेऊन माहेरी?" ती म्हणाली.

"बोली तांब्याची झाली होती. मिठाचं काय ठरलं नव्हतं."

ती विचार करून हसली आणि बोचकं बांधायला गेली.

शनिवारी दुपारी साडू यायच्या आधी आम्ही निघालो. बैलाच्या चालीने. ती शेजारी बसली होती, पाय पुढे रोवायची गरज नव्हती, आणि कर्नाळ्याच्या खिंडीत तर तिला डुलकी लागली. मी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. मागून कोणीतरी सारखा वाजवत होता. आरशात बघितलं तर काळी टॅक्सी. साडू आम्हाला घरी न सापडल्यामुळे मागे लागला होता. रस्ता अरुंद, आणि मी मधोमध. पेणपर्यंत त्याने माझी धूळ खाल्ली. तेवढं सुख मला त्या सगळ्या व्यवहारात मिळालं.

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सासरचं घर रस्त्यापासून जरा आत, खडबडीत वाटेवर. मी गाडी वाटेच्या तोंडाशी उभी केली, तर सासूबाई भाकरतुकडा ओवाळायला घेऊन समोर आल्या. त्यांची नजर लेकीवरून मागे गेली.

"जावयबापू, मागं काय हाय?"

"मीठ."

त्यांच्या हातातला तुकडा तिथेच थांबला. "तिन्हीसांजंला? दारात मीठ? लेक बाळंतपणाला आलीय का भांडण लावायला? आमच्यात फुकटचं मीठ उंबऱ्याशी आणत नाय. उतरवा ते रस्त्यावर, मग गाडी आत घाला."

"उतरवलं तर गाडी उडते, सासूबाई! या वाटेवर तर नक्कीच उडंल!"

"मग मिठासकट परत न्या."

साडू टॅक्सीतून उतरून आला होता, भुवयांपर्यंत पांढरा. खोकत खोकत म्हणाला, "सासूबाई, इकत घ्या ना. इकत घेतलेल्या मिठाला दोष नाय."

सासूबाईंना ते पटलं. "केवढ्याला?"

मी भाव सांगितला. बाजारभावच सांगितला, जावई म्हणून थोडा कमी करून.

"एक आणा," सासूबाई म्हणाल्या.

"गोणीला?"

"सगळ्याला."

"एक आण्यात चिमूटभर येतं!"

"मग चिमूटभर द्या. बाकीचं उतरवा."

"पण उतरवलं तर..." आणि तिथे मला कळलं, की मी उतरवू शकत नव्हतो आणि परतही नेऊ शकत नव्हतो, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला हे दोन्ही कळलं होतं. मी मिठाची तारीफ केली. त्यांनी चिमूट तोंडात टाकली आणि कडू म्हटलं. मी मिठागरावरची मजुरी सांगितली. त्यांनी लेक वाढवायचा खर्च सांगितला. मी म्हटलं, निदान रिकाम्या गोणी परत द्या. त्या म्हणाल्या, मग मीठ काय पदरात घेऊ? साडू खुशाल टॅक्सीच्या पायरीवर बसून ऐकत होता. अंधार पडला. कोणीतरी कंदील आणून आमच्या मधोमध ठेवला. मी दोन आण्यांपर्यंत त्यांना आणलं होतं, आणि गोणी उतरवायचं काम माझ्याकडे आलं होतं, तेव्हा बायकोला साक्षीला बोलवावं म्हणून मी केबिनकडे वळलो.

केबिन रिकामी होती. ती कधीच उतरून, त्या वाटेने चालत घरात गेली होती. दारातून दिसत होती, पाटावर बसून, पुढ्यात ताट घेऊन, अगदी धडधाकट.

"झालं का तुमचं ठरून?" तिने तिथूनच हाक मारली. "जरा मीठ आणा आत. कालवण अळणी हाय."